कात्री कोणाच्या हातात? : ‘मादाम बोव्हारी’ आणि छाटणीचा इतिहास



लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. तुम्ही लिहिता कसं? सकाळी की रात्री, कागदावर की संगणकावर, रोज किती पानं, वगैरे. त्याचा जोडीदार असलेला दुसरा प्रश्न मात्र फारसं कोणी विचारत नाही. लिहिलेलं तुम्ही काढून टाकता कसं? आणि कोणाच्या सांगण्यावरून? इथे बसलेल्यांपैकी काही जण लिहितात, हे मला माहीत आहे. त्यांनी हा प्रश्न स्वतःला कधी ना कधी विचारलेला असणार, बहुधा रात्री, आणि बहुधा रागात.

आज आपण या प्रश्नाचा इतिहास एकाच कादंबरीच्या आधारे बघणार आहोत. गुस्ताव्ह फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’. पुस्तकरूपाने ती १८५७ साली आली. आपल्याकडे बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं तेही १८५७ मध्येच. या दोन पुस्तकांचा एकमेकांशी काही संबंध नाही. काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगितलं.

हीच कादंबरी का? कारण तिचे कागद राहिले. सुरुवातीचे आराखडे, कच्चे खर्डे, सुधारलेले खर्डे, पक्की प्रत, असं जवळजवळ सगळं रुआँ शहराच्या ग्रंथालयात जपलेलं आहे. सुमारे साडेचार हजार पानं. रुआँच्या विद्यापीठाने स्वयंसेवकांच्या मदतीने ती सगळी वाचून, उतरवून २००९ मध्ये इंटरनेटवर खुली केली. शिवाय फ्लोबेर पत्रं भरपूर लिहायचा. त्यामुळे खोडलेली ओळ आपल्याला दिसते, आणि तिच्यामागचा वैताग बऱ्याचदा पत्रात सापडतो. असं भाग्य फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला आलंय.

या एका पुस्तकावर चार कात्र्या चालल्या: मित्रांची, लेखकाची स्वतःची, पाक्षिकाच्या संपादकांची आणि सरकारची. चौघांनाही काहीतरी कापायचं होतं, पण प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. आज मला मुख्यतः तो फरक दाखवायचा आहे.

पहिली कात्री मित्रांची. फ्लोबेरचा जन्म १८२१चा, रुआँचा. वडील तिथल्या मोठ्या इस्पितळाचे मुख्य शस्त्रवैद्य. मुलाला पॅरिसला कायदा शिकायला धाडलं होतं. १८४४ मध्ये त्याला झटके येऊ लागले, आणि शिक्षण सुटलं. १८४६ मध्ये तीन महिन्यांच्या आत वडील गेले आणि बाळंतपणानंतर बहीणही गेली. मग आई, बहिणीची तान्ही मुलगी आणि हा, असे तिघं रुआँजवळ सेन नदीकाठी क्रवासे इथल्या घरात राहू लागले. घरचं बरं होतं, पोटापाण्याची चिंता नव्हती. त्याने लिहायला घेतलं.

लिहिलं ते संत अँथनीबद्दल. वाळवंटातला तपस्वी, आणि त्याला भुरळ घालायला येणारे सगळे देव, राक्षस, राण्या. दीड वर्ष खपून सप्टेंबर १८४९ मध्ये ते संपवलं आणि दोन जिवलग मित्रांना ऐकायला बोलावलं. एक कवी लुई बुये, दुसरा माक्सिम द्यु काँ. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. अट अशी, की वाचन पूर्ण होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. द्यु काँने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात हिशोब दिलाय: चार दिवस, रोज आठ तास, एकूण बत्तीस तास. शेवटी मित्रांनी निकाल दिला, की हे आगीत टाक आणि पुन्हा याचं नाव काढू नकोस.

कल्पना करा. वय सत्तावीस, नावावर एकही पुस्तक नाही, आणि ज्यांच्यावर सर्वांत जास्त विश्वास तेच दोघं हे सांगतायत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की तू मोकाट सुटतोस, भरमसाट बोलतोस. एखादा साधा, घरगुती, चाकोरीतला विषय घे, म्हणजे तुला उधळताच येणार नाही.

फ्लोबेरने यातलं अर्धं ऐकलं. पुढची दीडेक वर्षं तो द्यु काँबरोबर इजिप्त, पॅलेस्टाइन, ग्रीस असा फिरला आणि परत येऊन १९ सप्टेंबर १८५१ रोजी त्याने खरोखरच साध्या विषयाला हात घातला. संत अँथनीचं बाड मात्र जाळलं नाही. १८५६ मध्ये ते पुन्हा काढून त्याने पुष्कळ छाटलं, मग तिसऱ्यांदा नव्याने लिहिलं, आणि १८७४ मध्ये छापलं. म्हणजे पहिल्या वाचनानंतर पंचवीस वर्षांनी. मित्रांनी रोग बरोबर ओळखला होता, उपाय मात्र जहाल सांगितला होता. लिहिणाऱ्याला या दोन गोष्टी वेगवेगळ्या करता आल्या पाहिजेत. आपल्या लिखाणात काहीतरी बिघडलंय, असं वाचणारा सांगतो तेव्हा बहुतेक वेळा तो बरोबर असतो. ते दुरुस्त कसं करायचं, हे सांगताना त्याचं चुकू शकतं.

तो साधा विषय काय, हे ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शार्ल बोव्हारी हा खेड्यातला बेताचा डॉक्टर. त्याची बायको एमा. तिने लहानपणापासून प्रेमकथा वाचलेल्या, आणि आयुष्य तसंच असणार असं धरून चाललेली. संसार तसा निघत नाही. दोन पुरुषांशी संबंध येतात, दोघंही कच खातात. दरम्यान उधारीवर खरेदी चाललेली असते, कर्ज गळ्याशी येतं आणि ती आर्सेनिक खाऊन जीव देते. गोष्ट एवढीच. रोजच्या बातमीपत्रात चार ओळींत बसेल अशी.

ही गोष्ट लिहायला त्याला साडेचार वर्षांहून जास्त काळ लागला. एप्रिल १८५६च्या अखेरीला ती पुरी झाली. इथे दुसरी कात्री येते, लेखकाची स्वतःची.

त्याची पद्धत खर्ड्यांवरून कळते. आधी आराखडा: कोण, कुठे, कशानंतर काय. मग प्रसंगाचा ढोबळ मजकूर, त्यात अर्धी वाक्यं, सुचलेले शब्द, समासात टिपा. मग त्याचा खर्डा, मग खर्ड्याचा खर्डा. ओळींच्या मध्ये ओळी, समासात परिच्छेद, आणि पान पुढच्या कागदावर उतरवून झालं की जुन्या पानावर भली मोठी फुली. त्या काळात लुईज कोले या कवयित्रीला तो रात्री उशिरा पत्रं लिहायचा. एप्रिल १८५२च्या पत्रात त्याने कामाचा हिशोब दिलाय: सहा आठवड्यांत पंचवीस पानं. आणि ही त्याच्या दृष्टीने बरी गती होती! शेतकी प्रदर्शनाचा एक प्रसंग कादंबरीत आहे. छापील तीसेक पानं. तो १८५३च्या उन्हाळ्यात सुरू केला आणि हिवाळा लागेपर्यंत पुरला.

एवढा वेळ कशात जायचा? एक भाग कानाचा होता. वाक्य लिहून झालं की फ्लोबेर ते मोठमोठ्याने म्हणायचा, अक्षरशः ओरडायचा. म्हणताना श्वास अडला, एकच आवाज दोनदा आला, तर वाक्य बाद. फ्रेंचमध्ये षष्ठीचा प्रत्यय लागोपाठ दोनदा आला तरी त्याला चैन पडत नसे. आपल्याकडे ‘घराच्या दाराच्या कडीच्या आवाजाच्या’ असं चार-चार ‘च्या’चं शेपूट आपण सहज लावतो आणि पुढे जातो. छापताना रुआँच्या एका खऱ्या वर्तमानपत्राचं नाव कादंबरीतून काढायची वेळ आली, तेव्हाही त्याची पहिली तक्रार ही, की नाव बदललं तर माझ्या वाक्यांची लय मोडेल.

पण फ्लोबेर म्हणजे एका शब्दासाठी आठवडा घालवणारा माणूस, एवढंच सांगून थांबलो तर महत्त्वाची गोष्ट राहून जाते. त्याने सर्वांत जास्त छाटलं ते स्वतःला. ईश्वर सृष्टीत सगळीकडे असतो पण दिसत कुठेच नाही, लेखकाने पुस्तकात तसं असावं, अशा अर्थाचं त्याने लुईज कोलेला १८५२ मध्ये लिहिलं आहे. त्या काळी कादंबरीकार मध्येच थांबून वाचकाशी बोलत, पात्रांना शाबासकी देत, कान पिळत, तात्पर्य सांगत. फ्लोबेरने ते काढून टाकलं.

शेतकी प्रदर्शनाचाच प्रसंग घ्या. खाली मैदानात गुरं आणि माणसं. मंचावर सरकारी पाहुण्यांची भाषणं. वर नगरभवनाच्या खिडकीत एमा आणि तिच्यावर जाळं टाकणारा रोदोल्फ. एक वाक्य भाषणाचं, एक वाक्य प्रेमाचं. रोदोल्फ गळ घालतोय आणि मंचावरून शेणखताचं बक्षीस पुकारलं जातंय. रोदोल्फ लबाड आहे, असं लेखक कुठे म्हणत नाही. दोन आवाज शेजारी ठेवतो आणि निघून जातो. काय समजायचं ते आपण समजतो.

या कामाच्या सुरुवातीच्या काळात दर रविवारी बुये क्रवासेला येई. आठवड्यात झालेली पानं फ्लोबेर वाचून दाखवी आणि बुये एकेक ओळ तपासत असे. म्हणजे मित्रांची कात्री परत आली, पण आता ती बत्तीस तास वाट बघून एकदम चालत नव्हती. दर आठवड्याला थोडी-थोडी चालत होती.

द्यु काँने एक किस्सा सांगितलाय. कादंबरीत ओमे नावाचा औषधविक्या आहे. त्याच्या मुलांना एक गुंतागुंतीचं खेळणं मिळतं, असं फ्लोबेरने लिहिलं होतं, आणि त्या खेळण्याचं वर्णन कित्येक पानं केलं होतं. बुये म्हणाला, काढ. फ्लोबेर म्हणाला, अरे, सुंदर उतरलंय. बुयेच्या उत्तराचा आशय असा होता, की कुबड कितीही देखणं असलं तरी रतीच्या पाठीवर दिलंस तर रती कुबडी होणार. आठवडाभर वाद चालला आणि खेळणं गेलं. आज छापील कादंबरीत ते नाही, आणि वाचताना काही हरवल्यासारखं वाटत नाही. वाईट ओळ कापायला कोणीही तयार होतं. चांगली उतरलेली पानं या पुस्तकाच्या कामाची नाहीत, हे सांगायला बुये लागतो.

आता तिसरी कात्री. द्यु काँ तोवर पॅरिसच्या ‘रेव्ह्यू द पारी’ या पाक्षिकाचा एक चालक झाला होता. कादंबरी तिथे क्रमशः छापायचं ठरलं. जुलै १८५६ मध्ये द्यु काँचं पत्र आलं. मतितार्थ असा: तुझी कादंबरी चांगली आहे, पण बिनकामाच्या गोष्टींच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेलीय. आम्हाला छाटू दे. आमच्याकडे एक अनुभवी, हुशार माणूस आहे. तो एक शब्दही पदरचा घालणार नाही, फक्त छाटेल. खर्च शंभरेक फ्रँक, तुझ्या मानधनातून वळता करू.

फ्लोबेरने ते पत्र ठेवून दिलं. पाठीमागे एकच शब्द लिहिला. त्याचं मराठी ‘अजस्र!’ असं काहीतरी होईल.

द्यु काँला खलनायक करायचं कारण नाही. पाक्षिक चालवणाऱ्याला पुढचा अंक काढायचा असतो. वाचक कंटाळेल का, ही त्याची पहिली काळजी. आणि तो काळ तिसऱ्या नेपोलियनचा. पाक्षिक उदारमतवादी म्हणून सरकारच्या डोळ्यांवर आलेलं, त्यामुळे दुसरी काळजी अंक बंद पडण्याची. त्या दोन्ही काळज्या खऱ्याच होत्या, फक्त त्यांचा कादंबरीच्या घडणीशी संबंध नव्हता.

१ ऑक्टोबर १८५६ पासून कादंबरी येऊ लागली. १ डिसेंबरच्या अंकात तो प्रसिद्ध प्रसंग यायचा होता. एमा आणि लेओं एका बंद घोडागाडीत बसतात आणि गाडी अख्खी दुपार रुआँभर फिरत राहते. आत काय चाललंय ते फ्लोबेर सांगतच नाही. आपल्याला दिसतात रस्त्यांची नावं, घामाघूम झालेला गाडीवान आणि शेवटी खिडकीतून बाहेर आलेला एक हात, फाडलेल्या चिठ्ठीचे कपटे उडवणारा. लेखकाने सगळं आधीच कापलेलं होतं. उरलं होतं ते संपादकांनी कापलं, आणि इथला मजकूर गाळला आहे अशी टीप घातली. बघा गंमत. त्या टिपेमुळे वाचकाच्या मनात जे आलं असेल, ते फ्लोबेरने लिहिलेल्यापेक्षा नक्कीच जास्त होतं! पुढच्या भागात आणखी काटछाट झाली. तेव्हा फ्लोबेरने स्वतःची टीप छापायला लावली: वाचकांनी हे तुकडे समजावेत, संपूर्ण कादंबरी समजू नये, मी जबाबदार नाही.

कापूनही खटला टळला नाहीच. ही चौथी कात्री. सार्वजनिक नीती आणि धर्म यांचा अवमान केल्याचा आरोप लेखकावर, चालकांपैकी लोरां-पिशावर आणि मुद्रकावर ठेवला गेला. २९ जानेवारी १८५७ रोजी पॅरिसमध्ये सुनावणी झाली. सरकारी वकील एर्नेस्त पिनार, बचावाचे वकील झ्युल सेनार. नावं सारखी वाटतात, गल्लत करू नका. फ्लोबेरने तासाला साठ फ्रँक देऊन खाजगी लघुलेखक बसवला होता, म्हणून ती भाषणं आज आपल्याला वाचता येतात. शब्दांकन वाया जात नाही, हे आपल्या मालिकेच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

पिनारचं भाषण जरूर वाचा. पुढे हाच माणूस त्याच वर्षी बोदलेरवर उलटला आणि सहा कविता पुस्तकातून काढायला लावल्या, त्यामुळे त्याला हसायची पद्धत आहे. पण त्याने कादंबरी नीट वाचली होती. त्याचा खरा मुद्दा असा होता, की या पुस्तकात या बाईला दोष देईल असं एकही पात्र नाही. नवरा? तो तिच्या मरणानंतरही तिच्यावर प्रेमच करतो. समाजाचा प्रतिनिधी म्हणावा तर तो ओमे, हास्यास्पद. धर्माचा प्रतिनिधी तो पाद्री, तोही हास्यास्पद. मग वाचकाला सांगणार कोण, की हे पाप आहे?

म्हणजे साडेचार वर्षं खपून फ्लोबेरने जे काढून टाकलं होतं, नेमकी तीच जागा सरकारी वकिलाला रिकामी दिसली. घोडागाडीचा प्रसंग ठेवला काय, गाळला काय, त्याने फरक पडणार नव्हता. खटला प्रसंगांवर भरला होता, पण बोच होती निवाडा न देणाऱ्या लेखकाची. मला वाटतं, फ्लोबेरच्या कामाची सर्वांत अचूक समीक्षा त्या वर्षी त्याच्या विरोधकानेच केली.

७ फेब्रुवारीला निकाल लागला. कोर्टाने कानउघाडणी केली, साहित्याने काय करावं यावर चार शब्द सुनावले आणि सगळ्यांना सोडून दिलं. सोडताना जी कारणं दिली त्यात एक असंही आहे, की या पुस्तकावर दीर्घकाळ आणि गंभीरपणे मेहनत घेतलेली दिसते. ते साडेचार हजार कागद न्यायाधीशांनी पाहिले नव्हते, तरी छापील पानांतून ती मेहनत त्यांना जाणवली असावी.

एप्रिलमध्ये मिशेल लेव्हीने पुस्तक काढलं. पाच वर्षांचे हक्क, ८०० फ्रँक. गाळलेलं सगळं जागेवर आलं. ओमेच्या मुलांचं खेळणं परत आलं नाही. सेनारबद्दल कृतज्ञता आणि बुयेला अर्पण, अशा दोन ओळी पुस्तकाच्या सुरुवातीला आहेत.

आता यातून आपण काय घ्यायचं? एक इशारा आधी देतो. साडेचार वर्षं लागली म्हणून पुस्तक मोठं, असं गणित करू नका. फ्रान्समध्येच त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी स्तांदालने एक मोठी कादंबरी सुमारे बावन्न दिवसांत सांगून लिहून घेतली होती. वेगाचा नियम नसतो.

घ्यायचं ते एवढंच, की कोणी ‘हे काढ’ म्हणालं, तर तो कोणता प्रश्न विचारतोय ते आधी ओळखा. बुये विचारत होता, हे या पुस्तकाला हवंय का? फ्लोबेर स्वतःला विचारत होता, हे कानाला टिकतं का, आणि यात मी लुडबुडतोय का? द्यु काँ विचारत होता, अंक खपेल का, आपण अडचणीत येऊ का? पिनार विचारत होता, वाचक बिघडेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मजकुरात सापडतात. उरलेल्या दोघांना मजकुराबाहेरची भीती आहे. ती खरी असू शकते, तिच्यापुढे कधी नमावंही लागतं. पण नमताना पुस्तक सुधारलं, अशी स्वतःची समजूत घालू नये. फ्लोबेरच्या त्या टिपेचं महत्त्व मला इथे वाटतं. तुकडे छापू दिले, पण त्यांना पूर्ण पुस्तक म्हटलं नाही.

शेवटी एक गोष्ट सांगतो. जुलै १८६९ मध्ये बुये गेला. आपल्या मनातलं आपल्यापेक्षा स्वच्छ बघणारी सुईण गेली, अशा शब्दांत फ्लोबेरने दुःख व्यक्त केलंय. तेव्हा त्याची आणखी एक मोठी कादंबरी छापायला जायची होती आणि ओळीन्ओळ तपासणारा माणूस उरला नव्हता. मग त्याने हस्तलिखित कोणाकडे दिलं असेल? द्यु काँकडे. त्याच, शंभर फ्रँकवाल्या. या वेळी द्यु काँपुढे अंक नव्हता, सरकारची भीती नव्हती. त्याने तीन आठवडे बसून अडीचशेच्या आसपास शेरे काढले. फ्लोबेरने काही मानले, काही बाजूला ठेवले.

आता तुमचे प्रश्न घेऊ.